सँडरचा पेपर वारंवार सुटतो तेव्हा

लाकूड घासण्याचे विजेवरचे मशीन, म्हणजे सँडर, घरी किंवा लहान कारखान्यात वापरणाऱ्यांची एक तक्रार इतक्या वेळा कानांवर येते की तिचे शब्दसुद्धा आता पाठ झाले आहेत. नवा गोल पेपर, म्हणजे काचकागद, लावला, पाच-दहा मिनिटे काम झाले आणि पेपर पॅडवरून निसटून भिंतीवर जाऊन आदळला; दुसरा लावला, तोही गेला; मशीन हाताला चटका बसेल इतके तापले आणि फळीवर मात्र लहान लहान गोल ओरखडे उमटले. यावर दुकानदार सांगतो की पेपर हलका आहे, भारी घ्या. वायरमन सांगतो की व्होल्टेज कमी आहे. आणि शेजारी सांगतो की मशीनच नकली असेल. या तिन्हींत कधीमधी तथ्य असते, हे मी नाकारत नाही. परंतु पेपर सुटणे, मशीन तापणे आणि ओरखडे पडणे या तीन वेगळ्या तक्रारी नसून बहुधा एकाच चुकीची तीन रूपे असतात, आणि ती चूक मशीनमध्ये नसून आपल्या हातात असते.

हे मी स्वतः चुकून शिकलो. बोरी नदीकाठच्या आमच्या गावातले धाब्याचे जुने घर उतरवले, तेव्हा सागवानी दारांच्या जाड फळ्या निघाल्या आणि त्यांतल्या दोन जोडून बंगईची, म्हणजे झोपाळ्याची, पाटी करावी असे घरात ठरले. वैशाखाचे दिवस होते आणि ऊन चढायच्या आत काम आटोपण्याच्या घाईत मी दोन्ही हातांनी मशीनवर अक्षरशः ओणवा झालो होतो. जळक्या प्लास्टिकसारखा वास आला, तो मी सागाच्या तेलाचा समजलो. पुढच्याच क्षणी पेपर सुटून माझ्या पोटरीवर बसला आणि उघडे पडलेले पॅड फळीवर घासत राहिले. ओट्यावर बसलेले गावातले वृद्ध मिस्तरी, ज्यांनी आयुष्यभर रंधा आणि काचकागद यांवरच काम केले होते, ते तेवढे बघून म्हणाले, "भो, मशीनले दाबू नको, तिले चालू दे." पुढची सगळी तपासणी या एका वाक्याभोवतीच फिरते.

तपासणीला हात घालण्यापूर्वी प्लग बोर्डातून काढून घ्यावा. बटण बंद करणे पुरेसे नाही. पेपर बदलताना बोटे पॅडच्या कडेला असतात आणि अंगठा सहज बटणाजवळ येतो. शिवाय अनेक मशीनना बटण दाबलेल्या स्थितीत अडकवून ठेवण्याची सोय असते, तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

हे मशीन नेमके काय करते, हे आधी ध्यानात घ्यावे. घरगुती कामात सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे १२५ मिलिमीटर, म्हणजे पाच इंची, गोल पॅडचा रँडम ऑर्बिटल सँडर. यातले पॅड एकाच वेळी दोन हालचाली करते. मोटर त्याला जागच्या जागी दोन-तीन मिलिमीटरच्या लहानशा वर्तुळात मिनिटाला सात ते बारा हजार वेळा हलवते; आणि त्याच वेळी पॅड आपल्या बेअरिंगवर स्वतःभोवती संथपणे फिरतही राहते. हे दुसरे फिरणे मोटरला थेट जोडलेले नसते, ते मोकळे असते. त्यामुळेच कोणताही कण एकाच रेषेत पुन्हा जात नाही आणि पृष्ठभागावर ठरावीक खुणा राहत नाहीत. आपण मशीनवर भार टाकला की हे मोकळे फिरणे पहिल्यांदा थांबते. मग उरते फक्त ती लहान वर्तुळातली हालचाल, तीच ती फळीवर गोल ओरखड्यांच्या रूपाने दिसते. घासण्याची उष्णता एकाच जागी साठते, पॅडवरचे प्लास्टिकचे बारीक हुक मऊ पडतात, आणि मऊ पडलेला हुक पेपरच्या पाठीवरील लव धरून ठेवू शकत नाही. पेपर सुटण्याचे हे खरे कारण आहे.

आपण जास्त दाबतो की नाही, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे आणि इतर कोणत्याही तपासणीच्या आधी ती करावी असा माझा आग्रह आहे. पॅडच्या कडेवर काळ्या मार्करने एक ठळक उभी रेघ ओढावी. मशीन फळीवर सपाट ठेवून सुरू करावे आणि काम करताना त्या रेघेवर नजर ठेवावी. रेघ सावकाश फिरताना दिसली तर भार योग्य आहे. रेघ एकाच जागी थरथरत राहिली तर हात हलका करावा. मशीनचे स्वतःचे वजन आणि त्यावर टेकलेल्या तळहाताचे वजन, एवढा भार पुरतो. तेवढ्याने लाकूड निघत नसेल, तर पेपर बोथट झाला आहे किंवा फार बारीक नंबरचा घेतला आहे, असे समजावे. खरे तर दाबण्याची सवय येते ती बोथट पेपरातूनच. चार पेपर वाचवण्याच्या नादात पॅड जाळणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यांत एकेकाळी मीही होतो.

रेघ नीट फिरते आहे आणि तरीही पेपर सुटतो, असे असेल तर धुळीकडे वळावे. पॅडला भोके असतात आणि पेपरलाही असतात. ती एकमेकांसमोर आली तरच आतला पंखा भुसा ओढून पिशवीत टाकू शकतो. बाजारात पाच भोकांचे, आठ भोकांचे आणि बिनभोकांचेही पेपर एकाच ढिगात विकले जातात. आठ भोकांच्या पॅडला पाच भोकांचा पेपर लावला, तर भुसा बाहेर पडण्याऐवजी पेपर आणि पॅड यांच्या मध्ये शिरतो, हुकांमध्ये दाबून बसतो आणि थोड्याच वेळात पकड नाहीशी होते. अशा वेळी प्लग काढून पॅडवरचे हुक जुन्या टूथब्रशने साफ करावेत. हुक वाकलेले, चपटे झालेले किंवा मधोमध वितळून चकाकणारे दिसले तर मात्र साफसफाईचा उपयोग नाही. पॅड बदलावे लागते. पॅड हा झिजणारा भाग आहे, तो चार स्क्रूंवर किंवा मधल्या एका स्क्रूवर बसवलेला असतो आणि तो सुटा मिळतो. कचऱ्याची पिशवी अर्धी भरताच रिकामी करावी, कारण भरलेल्या पिशवीतून हवा जात नाही आणि मग आतला पंखा नुसताच फिरतो.

सागाच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. सागात स्वतःचे तेल असते, त्यामुळे भुसा चिकट होतो आणि पेपरच्या कणांमध्ये लेपासारखा बसतो. पेपर हाताला गुळगुळीत लागला म्हणजे तो झिजलाच असे नसते. पुष्कळदा तो फक्त भरलेला असतो. मशीन बंद करून, पेपर काढून घेऊन, जुन्या चपलेच्या क्रेप रबरी तळव्याचा तुकडा त्यावर हाताने घासला तर बराचसा लेप निघून येतो. ही युक्ती स्वस्त आहे आणि खरोखर चालते.

आता तिसऱ्या कारणाकडे येतो, जे कमी आढळते, परंतु सर्वांत धोकादायक आहे. पॅडच्या वरच्या बाजूला टेकणारी एक रबरी कडी किंवा झालर असते. तिला पॅडचा ब्रेक म्हणतात. मशीन फळीवरून उचलले तरी पॅडने मोकळे सुटून मोटरच्या वेगाने फिरू नये, एवढेच तिचे काम असते. ही कडी झिजली किंवा तुटली की हवेत उचललेले पॅड एकदोन सेकंदांत मोटरचा वेग गाठते. थोडा हिशेब केला तर धोका किती आहे ते कळते. नेहमीच्या कामात पेपरवरचा कण त्या लहान वर्तुळात सेकंदाला साधारण सव्वा मीटरच्या वेगाने हलत असतो. परंतु १२५ मिलिमीटरचे पॅड मिनिटाला १०,००० फेरे फिरू लागले की त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ६५ मीटर, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या वर जातो. अशा स्थितीत ते फळीला टेकवले तर एक तर चंद्रकोरीसारखी खाच पडते किंवा पेपर सुटून कोणाच्या तरी डोळ्याकडे जातो. मशीन मोकळ्या जागी, चेहऱ्यापासून दूर, सपाट धरून क्षणभर सुरू करावे आणि आवाज ऐकावा. आवाज एकसारखा राहिला आणि रेघ डोळ्याला दिसण्याइतपत संथ फिरली तर ब्रेक शाबूत आहे. आवाज चढत चढत शिटीसारखा झाला आणि रेघ अदृश्य झाली तर ब्रेक बदलेपर्यंत ते मशीन वापरू नये. मशीन फळीवर ठेवून मगच सुरू करण्याची आणि पॅड पूर्ण थांबल्यावरच खाली ठेवण्याची सवय लावली, तर अर्धवट झिजलेल्या ब्रेकचाही त्रास कमी होतो. पट्ट्याच्या सँडरला, म्हणजे बेल्ट सँडरला, हा नियम उलटा लागू होतो. तो फळीवर ठेवून सुरू केला तर गाडीसारखा पळतो. म्हणून तो हवेत सुरू करून मग दोन्ही हातांनी सपाट टेकवावा.

या सगळ्यांवर उपाय म्हणून जे केले जाते, त्यातले दोन प्रकार मला स्पष्टपणे धोक्याचे वाटतात. पहिला म्हणजे पेपर झटपट चिकटणाऱ्या गोंदाने पॅडला कायमचा चिकटवणे. पेपर सुटत नाही हे खरे, परंतु उष्णता तशीच राहते, पुढचा पेपर काढताना हुकांसकट पॅडचा थर निघतो आणि असमतोल झालेले पॅड बेअरिंग खाते. दुसरा प्रकार म्हणजे वैतागून सँडर बाजूला ठेवणे आणि फॅब्रिकेशनवाल्याचा चार इंची ग्राइंडर आणून त्यावर वेल्क्रोचे पॅड बसवणे. ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे फिरतो आणि त्याला ना पॅडचा ब्रेक असतो, ना धूळ ओढणारा पंखा. ते पॅड बसावे म्हणून पुष्कळ जण त्याचे संरक्षक कवचही काढून टाकतात. पॅडवर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. तो ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा कमी असेल तर पॅड फाटून उडण्याची शक्यता असते. सँडरच्या कामाला ग्राइंडर लावू नये, यावर माझे मत पक्के आहे.

आता विजेकडे वळतो, कारण खान्देशात कोणतेही मशीन तापले की पहिला संशय व्होल्टेजवर जातो. साध्या सँडरची मोटर २५० ते ३०० वॉटची असते, म्हणजे २३० व्होल्टवर तो जेमतेम सव्वा अँपिअर वीज घेतो. तीस मीटरच्या, एक चौरस मिलिमीटर तारेच्या एक्स्टेन्शनवर एवढ्या विजेने दीड व्होल्टही पडत नाही. म्हणून सँडर तापण्याचा दोष एक्स्टेन्शनच्या लांबीला देण्यात अर्थ नाही. दोष असेल तर तो सैल जोडात असतो. प्लग नसलेल्या वायरीची टोके बोर्डाच्या भोकांत काडेपेटीच्या काड्यांनी खोचून काम चालवणे अजूनही सर्रास दिसते, आणि तिथे ठिणग्या, तापणे आणि शॉक या तिन्हींची सोय आपण स्वतःच केलेली असते. मात्र शेतातले पंप एकदम सुरू झाले आणि वस्तीवरचे दिवेच मिणमिणू लागले, तर गोष्ट वेगळी. मोटरचा वेग उतरला की तिला गार ठेवणारा पंखाही मंदावतो आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत गेलेला असताना मोटरला सावरायला वावच उरत नाही. त्या वेळी काम थांबवावे. हवेच्या फटी हाताखाली झाकल्या जात नाहीत ना, हेही पाहावे. फटींतून मोठ्या ठिणग्या दिसू लागल्या किंवा मशीन अडखळत सुरू होऊ लागले, तर कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, संपत आले आहेत असे समजावे; ते जोडीनेच बदलावेत.

बटण अडकवून ठेवण्याच्या सोयीविषयी लिहिण्याचे वचन दिले होते. काम चालू असताना वीज जाते, आपण मशीन तसेच फळीवर ठेवून पाणी प्यायला किंवा सावलीला जातो, आणि तासाभराने वीज येते तेव्हा अडकवलेल्या बटणामुळे ते मशीन आपोआप सुरू होऊन फळीवरून खाली घरंगळते. अंगणात लहान मूल असेल, तर पुढचे सांगायला नको. भारनियमनाच्या भागात ही सोय वापरूच नये असे माझे म्हणणे आहे. ज्यांना ती सोडवत नाही, त्यांनी निदान वीज जाताच प्लग काढण्याचा नियम पाळावा.

शॉकबाबत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मशीनच्या नावपट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर ते दुहेरी आवरणाचे असते. त्याला दोन पिनांचा प्लग असतो आणि त्याला आर्थिंगची गरज नसते. परंतु जुन्या, धातूच्या अंगाच्या मशीनना तीन पिना असतात आणि त्यांची सुरक्षितता पूर्णपणे घरच्या आर्थिंगवर अवलंबून असते. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, आर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि पावसाळ्यात नीट असणारी आर्थिंग वैशाखात नावापुरती उरते. त्या खड्ड्यात नियमित पाणी घालावे. धातूच्या मशीनला हात लावताच किंचित जरी झिणझिण्या आल्या, तरी ते वापरणे तत्काळ थांबवावे. कोणतेही मशीन असो, ज्या बोर्डावर ते लावायचे त्याच्या मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा आणि त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो खरोखर पडतो की नाही, हे पाहावे.

धुळीचा प्रश्न पेपर सुटण्याशी जोडलेला आहे, कारण भोके न जुळणाऱ्या पेपरमुळे जो भुसा पिशवीत जात नाही तो आपल्या नाकात जातो. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. तो प्रामुख्याने नाकाचा आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांचा असतो. सागाच्या धुळीने काहींच्या त्वचेला खाज आणि पुरळही येते. उन्हापासून बचावासाठी आपण चेहऱ्याभोवती गुंडाळतो तो रुमाल किंवा उपरणे ही धूळ अडवत नाही. ओले केले तरी नाही, आणि त्याची लोंबती टोके फिरत्या पॅडजवळ जाण्याचा धोका मात्र वाढतो. एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा, नाकावर पट्टी दाबून बसणारा मास्क आणि बाजूंनी बंद असलेला चष्मा वापरावा. शक्यतो उघड्यावर, वारा पाठीकडून येईल असे बसून काम करावे. कूलरसमोर बसून घासण्याचा मोह मे महिन्यात आवरणे कठीण असते, हे मी जाणतो. परंतु कूलरचा झोत जमिनीवरचा बारीक भुसा उडवून साऱ्या खोलीत पसरवतो.

जुन्या घरांच्या दारांवर ऑइलपेंटचे अनेक थर असतील, तर सँडर लावण्याआधी थांबावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत, मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात शिसे असण्याची शक्यता गृहीत धरूनच चालावे. असा रंग कोरडा घासल्यास त्याची धूळ घरभर पसरते आणि लहान मुलांच्या मेंदूला तिचा सर्वाधिक धोका असतो. तो रंग पाण्याने ओला करून पत्र्याच्या चपट्या पात्याने खरवडावा, निघालेला कचरा गोळा करून पिशवीत बांधावा आणि मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे. ओल्या कामावर विजेचे मशीन लावू नये, हे वेगळे सांगायला नको.

जुन्या फळ्यांमध्ये मोडलेले खिळे लपलेले असतात. खिळ्यावर गेलेला पेपर क्षणात फाटतो, आणि धातूवरून उडालेली ठिणगी भुशाच्या पिशवीत गेली तर पिशवी लगेच पेट घेत नाही, आत धुमसत राहते. म्हणून फळीवरून आधी लोहचुंबक फिरवावे, खिळे उपसावेत, आणि दिवसाअखेरीस पिशवी रिकामी केल्याशिवाय मशीन घरात ठेवू नये.

हातांबद्दल थोडक्यात. बोटांना मुंग्या येऊ लागल्या की तो कंपनांचा परिणाम असतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी मशीन खाली ठेवावे आणि मूठ आवळून धरू नये. हलक्या हाताने धरलेल्या मशीनची कंपनेही हाताला कमी जाणवतात.

हे सगळे पाहून झाल्यावर पुन्हा काम सुरू करताना ८० नंबरच्या पेपरने प्रारंभ करावा, मग १२० आणि मग १८०. मधली पायरी गाळू नये, कारण ८०चे ओरखडे १८०ने निघत नाहीत आणि ते काढण्यासाठी हात पुन्हा दाबू लागतो. मशीन लाकडाच्या रेषांच्या दिशेने, सेकंदाला तीन-चार सेंटिमीटर एवढ्या संथ गतीने सरकवावे. सागाला तेल लावायचे असेल, तर १८०च्या पुढे जाण्याची गरज नसते. आमच्या बंगईला शेवटी जवसाचे उकळलेले तेल लावले. त्या तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर वाळताना ती स्वतःच तापते, आणि शेजारी सागाचा भुसा असेल तर पेटतेही. म्हणून ती चिंधी अंगणातल्या वाळवणाच्या तारेवर पसरून टाकली आणि कडक वाळल्यावर मगच फेकली.